पोटात दुखणारी सहाण

मित्रांनो, मी सहाण. देवाचं चंदन आणि बाळांची औषधं उगाळायचा तो गोल, काळा दगड असतो ना, तीच मी. माझं वय विचारू नका. मालनबाईच्या लग्नात मी तिच्या पेटीतून सासरी आले, आणि आता ती मालनबाई दुसरा मजला चढताना मध्ये दोनदा पायरीवर बसते, यावरून काय ते समजा. सातपूरच्या एका कॉलनीतल्या स्वयंपाकघरात, देवघराला लागून माझी जागा होती. होती म्हणते, कारण आता नाही. ती कशी गेली तेच सांगायचं आहे. त्याआधी एक कबूल करते, मी फार हेवेखोर आहे. दगडाला पोट नसतं म्हणतात, पण दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून माझ्या पोटात जेवढं दुखतं, तेवढं क्वचितच कुणाच्या दुखत असेल.

मला घडवलं झुंबर पाथरवटाने. पेठकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याचं बिऱ्हाड असायचं. चांगला घट्ट दगड निवडून त्याने माझं अंग गोल केलं, मधोमध किंचित खोलगट केलं आणि उगाळलेलं खाली उतरावं म्हणून एका बाजूला चोच काढली. तीन किलो वजन भरलं माझं. मालनबाईच्या माहेरी फुलांचे आणि भाजीचे मळे होते. तिच्या आईने झेंडूच्या दोन पाट्या देऊन मला घेतलं आणि लेकीच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवलं.

काय दिवस होते ते! मालनबाईच्या हातच्या गुटीचं नाव होतं. आळीत बाळ जन्मलं की बाराव्या दिवसापासून आमच्याकडे वाटी यायची. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, खारीक, जायफळ. प्रत्येकाचं माप ठरलेलं. औषध माझ्या अंगावरून एकदा गोल फिरवलं की तो एक वेढा. बाळ रडतं? वेखंडाचा एक वेढा. झोपत नाही? जायफळाचा अर्धा. मालनबाई ओठांत वेढे मोजायची आणि मी गार पाण्यात अंग भिजवून ऐटीत बसायची. तिचा योगेश माझ्यावरच्या गुटीवर वाढला. आता तो सातपूरच्या कारखान्यात मशीनवर आहे आणि दारातून आत येताना मान वाकवतो, एवढा उंच झाला. त्याची मुलगी तेजस्विनी, तीही माझ्याच गुटीवर वाढली. तेव्हा तिची सगळी दुखणी माझ्या हक्काची, असं मी धरून चालले होते.

तेजू तिसरीत गेली आणि सगळं बिनसलं.

आधी तिची भूक गेली. डबा अर्धा परत येऊ लागला. मग पोट दुखतं म्हणू लागली. सकाळी घरात ही घाई असायची. संडास एक, माणसं चार, योगेशची पहिली पाळी. दार वाजवत तो ओरडायचा, "तेजू, आटप गं! बस जाईल माझी." तेजू आत गेली काय नि बाहेर आली काय, कळायचंही नाही. शाळा सातची. दुपारी एकला घरी यायची ती थेट सोफ्यावर आडवी व्हायची.

संध्याकाळी मात्र मला एक गंमत दिसायची. तेजू गॅसच्या सिलिंडरशेजारी येऊन उभी राहायची, ओट्याची कड घट्ट धरायची, पायात पाय अडकवायची आणि चवड्यांवर उंच व्हायची. चेहरा लालबुंद. मिनिटभराने पुन्हा खाली. मालनबाई भाजी निवडता निवडता कौतुकाने बघायची.

"लेझीमचा पाय बसवती वाटतं पोर. गॅदरिंगला घेतलीय ना!"

मीही कौतुक केलं. आम्हा दोघींना काय ठाऊक, की पोर नाचत नव्हती, पोटातलं जिवाच्या आकांताने आत ढकलत होती!

मग चड्ड्या खराब होऊ लागल्या. थोडं थोडं, पातळ. दिवसातून दोनदा, तीनदा. तेजू त्या वॉशिंग मशीनच्या मागे लपवायची. तिच्या आईला, मनीषाला, वासाने सापडल्या. पहिल्या वेळी तिने समजावलं. चौथ्या वेळी हात उगारला, आणि उगारलेला हात खाली आला. "एवढी मोठी घोडी झालीस, तुला कळत नाही? खेळात असते नुसती!" तेजू रडली नाही. "मला खरंच कळत नाही गं मम्मी," एवढंच म्हणाली. ते कुणी खरं मानलं नाही.

शाळेत तिच्या बाकावर सायली बसायची. पहिलीपासूनची मैत्रीण. एक दिवस सायली दुसऱ्या बाकावर गेली. तेजूने आजीला सांगितलं, ते मी ऐकलं.

"आजी, सायली म्हणते तुझ्या अंगाला वास येतो. तिचं बरंय. ती सुट्टीत जाते आणि लगेच हात धुऊन येते. तिचं पोट कध्धी दुखत नाही."

असा हेवा होता तिच्या आवाजात की मी चमकले. आठ वर्षांच्या मुलीने कशाचा हेवा करावा? सायकलचा, बाहुलीचा, नव्या फ्रॉकचा. ही पोर दुसरीच्या पोटाचा हेवा करत होती. सायलीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं तरी ती गेली नाही. लेझीममधून तिने स्वतःच नाव काढून घेतलं.

"काय होतंय तरी तुला?" मालनबाईने जवळ घेऊन विचारलं.

"पोट बिघडलंय," तेजू म्हणाली.

मित्रांनो, सगळा घोटाळा या एका शब्दाने केला. आमच्या घरात पोट बिघडलं म्हणजे जुलाब, दुसरा अर्थच नाही. वर चड्डीतलं पातळ सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मालनबाईने पदर खोचला, माझ्यावर पाणी शिंपडलं आणि जायफळ हातात घेतलं. जायफळ बांधून धरतं. जुलाब थांबवायला तेच द्यायचं, हे ती पन्नास वर्षं करत आली होती. सकाळी तीन वेढे, रात्री तीन. जोडीला साबुदाण्याची खीर. भाकरी बंद, भाजी बंद, "पोटाला जड नको."

आणि मी? मी खूश होते! मिक्सर आल्यापासून मला विचारतंय कोण? चटणी त्याची, मसाला त्याचा. सणासुदीला चंदनाचा एक टिळा, तेवढीच मी. त्या मेल्या मिक्सरकडे बघून मी वर्षानुवर्षं जळत होते. आता दिवसातून दोनदा माझा मान. तीन आठवडे मी जायफळ झिजवलं. तेजूचं पोट टरटरून फुगलं. तिने जेवण सोडलं. गळणं थांबेना. मालनबाईने तीनचे पाच वेढे केले.

शेवटी मनीषा हट्टाने म्हणाली, गंगापूर रोडला मुलांच्या डॉक्टर आहेत, तिकडे दाखवू. मालनबाईही निघाली. निघताना तिने मला फडक्यात गुंडाळलं, जायफळ सोबत घेतलं आणि दोघांना पिशवीत टाकलं.

"आई, सहाण कशाला दवाखान्यात?" योगेश म्हणाला.

"डाक्टरीन इचारंल ना काय दिलं म्हून. मंग दाखवायला नको?"

अशी मी दवाखान्यात गेले. उज्ज्वला डॉक्टर बोलायला शांत. त्यांनी तेजूचं पोट हळूच दाबून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "पोट बिघडलंय म्हणजे नेमकं काय होतं?"

"जुलाब," मनीषा म्हणाली.

"नीट, भरपूर शी शेवटची कधी झाली होती?"

मनीषा बोटांवर दिवस मोजू लागली. तेजू खाली बघत म्हणाली, "खूप दिवस झाले. मोठ्ठा खडा येतो. दुखतं. रक्त येतं. म्हणून मी करतच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, हे जुलाब नाहीत. उलटं आहे. आत कडक खडा साठलाय आणि त्याच्या कडेने पातळ गळतंय. आतली जागा इतकी ताणली गेलीय की तिला कळतही नाही. मुद्दाम नाही करत ती."

मालनबाईतली मळेवाल्याची लेक बोलली, "चारी गाळानं तुंबली म्हंजी पाणी बांधावरून पाझरतं, तसं?"

"अगदी तसं."

"अन् मी वर आणखी माती लोटीत व्हते." तिने पिशवी उघडून मला टेबलावर ठेवलं. "हे दिलं बाई मी. जायफळ. पाच पाच वेढे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही उलट रागावले असते. "तुम्ही मायेनंच दिलंत," त्या म्हणाल्या, "पण आता बंद." आणि मला हाताने बाजूला सारून तिथं औषधाचा डबा ठेवला. मला मनात ओरडावंसं वाटलं, अहो, पोट साफ करणारा हिरडाही माझ्यावरच उगाळतात! पण पुढे त्यांनीच सांगितलं, एवढ्या जुन्या दुखण्याला घरचं काही पुरायचं नाही. पांढरी भुकटी रोज पाण्यातून द्यायची. आधी साठलेलं निघेल, मग ताणलेलं पोट पूर्ववत व्हायला महिने लागतील. मनाने औषध थांबवायचं नाही. जेवणानंतर दहा मिनिटं शांत बसवायचं, पायाखाली स्टूल द्यायचं म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर नीट लागतो. रागवायचं नाही. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "शाळेत जातेस ना गं टॉयलेटला?"

"हो, आहे ना शाळेत," मनीषा म्हणाली. "चांगली शाळा आहे."

घरी आल्यावर माझी जागा बदलली. मालनबाईला माझ्याकडे बघवेना. तिने मला ओट्याखालच्या कप्प्यात, जुन्या तव्याशेजारी ठेवलं. आणि त्याच संध्याकाळी योगेश सातपूरच्या बाजारातून निळं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला.

काय सांगू तुम्हाला! हलकं, पोकळ, फुंकर मारली तर उडेल असं. ना रूप, ना घडण. आणि राहायला कुठं, तर संडासात! मी देवाशेजारी राहिलेली. पण तेजूने त्याच्यावर फुलपाखरांची चित्रं चिकटवली. त्याच्यावर पाय ठेवून ती त्याला गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची. तिने त्याचं नाव ठेवलं निळू. नाव! या घराच्या तीन पिढ्या मी सांभाळल्या, मला कुणी साधी हाकसुद्धा मारली नाही, आणि आठ दिवसांच्या त्या प्लास्टिकला नाव! कप्प्याच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा.

भुकटीचा डबा ओट्यावर, माझ्या जुन्या जागी. फ्रिजवर कागद. बसली की एक चांदणी, झालं नाही तरी चांदणी. आता योगेश दार वाजवत नसे, अर्धा तास आधी उठे. महिन्याभरात तेजू भाकरी मागून खाऊ लागली. चड्ड्या कोरड्या राहू लागल्या. तिचं हसणं ऐकू आलं की मला आनंद व्हायला हवा होता. खोटं कशाला बोलू, मला आधी आठवायचं ते एवढंच, की हे माझ्यामुळे नाही.

आणि मग घरच्यांनी ती चूक केली. मनीषा म्हणाली, "आता बरी आहे ना? किती दिवस औषध घालायचं पोरीला? सवय लागेल." योगेशने मान हलवली. मालनबाई "डाक्टरीन म्हनली व्हती..." एवढंच पुटपुटली. डबा फडताळात गेला. मी कप्प्यात टाळ्या पिटल्या असत्या, हात असते तर.

पंधरा दिवस लागले नाहीत. चांदण्या संपल्या, निळू कोरडा पडला. पोट पुन्हा फुगलं. बरं झालं, मी म्हटलं, मोडली एकदाची त्या निळ्याची मिजास! मग एका दुपारी तेजू शाळेतून आली ती दप्तर पाठीमागे धरून, झगा झाकत. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांसमोर झालं होतं. मागच्या मुली नाक धरून बाजूला झाल्या होत्या. त्यांच्यात सायलीही होती.

"मी शाळेत जाणार नाही," तेजू म्हणाली. ओरडून नाही, साध्या आवाजात. आणि खरंच गेली नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मनीषाने समजावलं, योगेशने सायकलचं आमिष दाखवलं. पोर पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिली. वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी, आता शाळाच सुटते की काय अशी वेळ आली.

पाचव्या दिवशी मनीषा बाहेर गेली होती. मालनबाईने कप्पा उघडला. मला बाहेर काढलं, धुतलं, पाट मांडला. हातात जायफळ. तिला काही सुचत नव्हतं, म्हणून हात जुन्या वाटेने चालले होते. एक वेढा झाला. मित्रांनो, तो एक वेढा मला किती हवा होता! अंगभर तो ओळखीचा वास आला. आणि तेवढ्यात दारात तेजू दिसली. ओट्याची कड धरून, पायात पाय अडकवून, चवड्यांवर. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढीशी पोर दगडाला भ्यायली होती.

त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली. हिच्या पोटातल्या दुखण्यावर माझ्या पोटातलं दुखणं मी शांत करत होते.

मालनबाईनेही तिला पाहिलं. तिने जायफळ खाली ठेवलं, पदराने मला पुसून कोरडं केलं आणि नातीला मांडीवर ओढलं.

"खरं सांग बाय. शाळंत संडासला जाती का तू?"

"नाही."

"का गं?"

"दाराला कडी नाही. मागच्या वर्षी मी आत होते तेव्हा मुलींनी दार ढकललं. सगळ्या हसल्या. मग मी जातच नाही. धरून ठेवते. पाणीपण नाही पीत."

"सक्काळपासून दुपारपर्यंत?"

"हो."

"अगं, मंग डाक्टरीनबाईला का नाय सांगितलं?"

"मम्मीनं सांगितलं ना, शाळा चांगली आहे म्हणून."

संध्याकाळी मनीषा आल्यावर मालनबाईने दोनच गोष्टी सांगितल्या. एक, डॉक्टरांना फोन लाव आणि त्या सांगतील तशी भुकटी पुन्हा चालू कर. दुसरी, उद्या मी पोरीसंगं शाळंत जाती. मनीषा खुर्चीवर बसली आणि रडली. तिने तेजूचे केस सारखे केले, पुन्हा पुन्हा सारखे केले. तो हात एकदा कसा उगारला होता, ते तिला आठवत असावं.

सकाळी मालनबाईने मला पुन्हा पिशवीत घातलं.

"आई, ती देवाजवळची सहाण आहे!" मनीषा म्हणाली.

"देवाला काय करायचीय? पोरीला पायजे."

शाळेत सफाईच्या नवसामावशी भेटल्या. त्या म्हणाल्या, "कडी मोडून वरीस झालं आजी. अर्ज दिलाय." मालनबाई म्हणाली, "अर्ज चालू द्या तुमचा," आणि तिने मुलींच्या संडासाच्या हलक्या प्लास्टिकच्या दाराला आतून मला टेकवलं. बाहेरून नवसामावशींना ढकलायला लावलं. दार हललं नाही. झुंबरने दिलेलं तीन किलो वजन पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं. नवसामावशींनी ताजं पाणी ओतलं, एक मोडकी टोपली उलटी करून पायाखाली ठेवली आणि म्हणाल्या, "जा बाय, मी हाय हितं उभी."

पहिल्या दिवशी तेजू आत येऊन नुसती बसून गेली. दुसऱ्या दिवशीही. मला तिथला वास, ती ओल, काही काही सहन होत नव्हतं आणि मनात मी कॉलनीतल्या निळूला शिव्या देत होते. भुकटीने खडा मऊ व्हायला वेळ लागला. पुढच्या आठवड्यात एक दिवस मधल्या सुट्टीत ती धावत आली, मला दोन्ही हातांनी दाराशी सरकवलं, बसली. आणि झालं. दुखल्याशिवाय झालं. ती इतकी चकित झाली की बसल्या जागी एकटीच हसली. त्या हसण्याच्या वेळी तिथं निळू नव्हता. मी होते.

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. "तेजू, झालं का तुझं? तो दगड तसाच राहू दे हं." सायलीचा आवाज होता. "मला पण जायचंय. मी पण कधी जात नाही इथं. नुसते हात धुऊन येते."

तेजू दार उघडून तिच्याकडे बघत राहिली. इतके महिने जिचा हेवा केला तीही तिच्यासारखीच पाय आवळून बसत होती. त्या काही एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. सायली आत गेली आणि तेजू बाहेर राखण करत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोघी एका बाकावर होत्या, असं नवसामावशींच्या बोलण्यातून कळलं.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. अजून भुकटी चालू आहे, आणि आता ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी थांबवत नाही. मध्ये दोनदा चड्डी खराब झाली, तर मनीषाने न बोलता धुतली. दिवाळीनंतर दाराला नवी कडी बसली, चकचकीत स्टीलची. तिचाही मला हेवा वाटतो, सवय कशी जाणार? मला परत न्यायला मालनबाई आली होती, पण तिथल्या तीन-चार मुलींनी एकदम "आजी, राहू द्या, कडी पुन्हा मोडली तर?" म्हटलं आणि ती रिकाम्या पिशवीने घरी गेली. आता देवाला चंदन बाजारातल्या तयार पुडीतलं लागतं, असं ऐकते.

मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाचं पोट असंच अडलं असेल, तर लाजू नका, लपवू नका. त्यात तुमचा काही दोष नाही. वर्गातल्या कुणाला वास आला तर नाक धरण्याआधी एकदा तेजू आठवा. गुरुजनांनो, कुणी करंगळी वर केली किंवा दोन बोटं दाखवली, तर त्याला जाऊ द्या. गणित पाच मिनिटं थांबतं, पोट थांबत नाही. आणि घरातल्या मोठ्या माणसांनो, तुमच्या लेकराला कुणी काही विचारलं, तर कृपा करून उत्तर त्यालाच देऊ द्या.